वाढवलेलं

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. सारिकाच्या पाठी तो शाळेत असल्यापासून होता, आणि लग्न होऊन ती साक्रीकडच्या खेड्यातून जामनेरला आली तेव्हा तोही बहुतेक त्याच एसटीने मागोमाग आला. गॅस बंद केला की नाही हे बघायला ती जिन्यातून तीनदा माघारी फिरायची. फोन वाजला की आधी पोटात गोळा यायचा, नाव मग दिसायचं. नवरा भूपेंद्र जिनिंगमध्ये कामाला, स्वभावाने गार. तो म्हणायचा, "तुला घाबरायला कारण लागत नाही, नुसती सवड लागते."

कारण होतं, पण ते ती कुणाला सांगत नसे. ती दहा वर्षांची असताना तिचे वडील साक्रीच्या बाजाराला निघाले. उंबऱ्यात चप्पल घालता घालता म्हणाले, "मी जास." तिची आई ताईबाई आतून ओरडली, "जास नको म्हनू, येस म्हन!" निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. वडील नुसते हसले आणि निघाले. संध्याकाळी जीप उलटल्याची बातमी आली. ताईबाईने पुढे कधी जीपला दोष दिला नाही, रस्त्याला दिला नाही, दिला तो त्या एका शब्दाला. तेव्हापासून सारिका शब्दांना भ्यायला लागली. 'जा' हा शब्द तर तिने तोंडातून हद्दपारच केला. दारावरच्या भाजीवाल्यालाही ती "आज नको, या," असं म्हणायची, आणि तो बिचारा नको की या ते न कळून पाटी घेऊन उभाच राहायचा.

अशा बाईला काम मिळालं तेही शब्दांना तिच्याइतकंच भिणाऱ्या माणसाकडे. कौतिकभाऊ तीस वर्षं जामनेर तालुक्यातली लग्नं शूट करत आले होते. कॅसेटच्या काळात एकदा त्यांनी चुकून एका लग्नाच्या कॅसेटवर दुसऱ्याचं बारसं घेतलं, आणि त्याच वर्षी त्या लग्नातली नवरी कायमची माहेरी परत आली. गावाने दोन्हींचा संबंध जोडला. भाऊंनीही मनातल्या मनात जोडलाच. त्या दिवसापासून स्टुडिओत 'पुसलं', 'उडवलं', 'डिलीट' हे शब्द बंद झाले. शेजारी इंदरचंद शेठांचं कापडाचं दुकान होतं. शेठ संध्याकाळी दुकान बंद करत नसत, वाढवत असत. दिवासुद्धा विझवत नसत, वाढवत. भाऊंनी तो शब्द उचलला आणि सारिकाला पहिल्याच दिवशी बजावलं, "लोकांचं मंगल असतं बाई आपल्याजवळ. ते डिलीट नाही करायचं. वाढवायचं."

मग गिऱ्हाइकाला पोचती झालेली लग्नं संगणकात 'वाढवायचं' नावाच्या फोल्डरमध्ये जायची, आणि डिस्क भरत आली की भाऊ स्वतः, चांगला वार बघून, शिफ्टचं बटण दाबून ती कायमची वाढवायचे. ऐकणाऱ्याला हसू येईल. त्या दोघांना कधी आलं नाही.

सारिका आली होती अल्बममध्ये फोटो चिकटवायला. भाऊंच्या पाठीशी उभी राहून ती मिक्सिंग शिकली. व्हिडिओची कापाकापी आणि जुळवाजुळव, हिला जामनेरात अजून मिक्सिंगच म्हणतात. भाऊंचे डोळे अधू झाले तशी त्या खुर्चीवर ती बसू लागली. तिची भीती इथे मात्र कामाला आली. ती दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची. एक्सपोर्ट लावला, म्हणजे जुळवलेल्या तुकड्यांची एकसलग फिल्म व्हायला लागली, की टक्क्यांची पट्टी शंभरला पोचेपर्यंत ती जागची हलत नसे, पाणीही पीत नसे. सात वर्षांत तिच्या हातून एकाही नवरीच्या मंगळसूत्राचा क्षण हरवला नव्हता.

त्या माघात इंदरचंद शेठांची नात प्रियल जैन साध्वीची दीक्षा घेणार होती. चोवीस वर्षांची, फार्मसी झालेली मुलगी. दीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता जळगावला विदाय समारंभ, आणि त्यात तिच्या आजवरच्या आयुष्याची वीस मिनिटांची फिल्म दाखवायची होती. दुसऱ्या दिवशी तिचे केस, कपडे, नाव, घर सगळं सुटणार होतं. घरचे फोटो बघणंही सुटणार होतं.

शेठांच्या पत्नी हीराबाई एका दुपारी एकट्याच स्टुडिओत आल्या. रुमालाची गाठ सोडून त्यांनी नखाएवढं मेमरी कार्ड काढलं.

"ही रुची. माझी सून, प्रियलची आई," त्या म्हणाल्या. "पोर नऊ वर्षांची होती तेव्हा गेली. तिच्या फोनमध्ये एवढंच निघालं. पोरीला माहीतसुद्धा नाही हे आहे म्हणून. आधी लहान आहे म्हणून नाही दाखवलं, मग परीक्षा आल्या, मग दाखवायची भीतीच वाटायला लागली. घर सोडायच्या आधी एकदा आईला बघून घेऊ दे."

"तुम्ही बघितलंय, माजी?"

"मला कुठे हिंमत झाली. बघीन सगळ्यांबरोबर."

कार्ड चौथ्या खेपेला वाचलं गेलं. एक मिनिट चाळीस सेकंदांची क्लिप होती. सुरुवातीला नुसती पाठमोरी छोटी प्रियल, आणि मग रुची फोन स्वतःकडे वळवते. पुढचं दीड मिनिट तिचाच चेहरा, गुणगुणणारा. जुन्या फोनची नेहमीची खोड मात्र होती, आवाज पुढे आणि ओठ मागे. हे फोन सेकंदाला कधी बारा चित्रं घेतात, कधी वीस, आणि मिक्सिंगला ती एकसारखी लागतात. सारिकाने क्लिप एकसारख्या चित्रांवर आणली, आवाज ओठांवर बसवला, खरखर काढली, मग आवाज मोठा केला. मूळ क्लिप आणि दुरुस्त क्लिप, दोन्ही हाताशी राहाव्यात म्हणून तिने एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या आणि फोल्डरला नाव दिलं 'वाढवलेलं'. आवाज वाढवलेलं, एवढंच तिच्या मनात होतं. एवढी शब्दांना जपणारी बाई, पण नेमका हा शब्द तिच्या बोटांखालून निसटला. दिव्याखाली अंधार तो हा. पाचव्यांदा कार्ड लावून बघितलं तर ते मेलं होतं. आता आपल्याकडे आहे ना, असं म्हणत तिने घाम पुसला.

समारंभाच्या दिवशी सकाळी साडेसातला तिने स्टुडिओ उघडला. भाऊ पडदा आणि लॅपटॉप घेऊन पहाटेच जळगावला गेले होते. आदल्या दिवशीच्या वरघोड्याचे, म्हणजे मिरवणुकीचे, चार तुकडे शेवटी जोडायचे, एक्सपोर्ट करायचा आणि एसटी धरायची, एवढंच काम होतं. मिक्सिंगचा प्रोग्राम उघडताना नेहमीची चौकट आली की अमुक अमुक फायली सापडत नाहीत. ही चौकट रोजच यायची, कारण एक जुनी सनई कधीचीच हरवली होती. सारिकाने रोजच्यासारखी यादी न वाचता ती चौकट मिटवली.

आठ वाजता एक्सपोर्ट लावला. एकाहत्तर टक्क्यांवर पट्टी थांबली, आणि 'अज्ञात त्रुटी' असं सांगून सगळं बंद पडलं. अज्ञात! म्हणजे चूक करणारं यंत्र, चूक सांगणारंही यंत्र, आणि त्यालाच ती ठाऊक नाही. तिने संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि दुसऱ्यांदा लावलं. एकाहत्तर. प्रोग्रामने साठवलेला कचरा काढला, चित्रांची घनता कमी केली, तिसऱ्यांदा लावलं. पुन्हा एकाहत्तर. घड्याळात नऊ वाजून गेले होते.

पण भीतीलाही कधीकधी अक्कल असते. दरवेळी एकाच जागी गाडी अडते तर खोट गाडीत नाही, त्या जागेत असणार, असं तिच्या डोक्यात आलं. तिने फिल्मची ती जागा काढून बघितली. तिथे प्रियलचा भाऊ रोनक याने पाठवलेला सगळ्या खानदानाचा आडवा फोटो होता, एवढा अवाढव्य की एसटी स्टँडवर लावावा. संगणकाला तो घास गिळवत नव्हता. तिने फोटो लहान केला आणि चौथ्यांदा लावलं. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. पावणेदहाला शंभर झाले. सारिकाने कीबोर्डलाच हात जोडले.

फिल्म आख्खी बघितल्याशिवाय ती कधी कुणाला देत नसे. पाय वर घेऊन ती बघायला बसली. बारसं, शाळा, पतंग, कॉलेज, सगळं छान चाललं होतं. सतराव्या मिनिटाला पडदा लालभडक झाला. मधोमध पाटी आली, मीडिया ऑफलाईन. रुचीचा आवाज नाही, चेहरा नाही. एक मिनिट चाळीस सेकंद ती लाल पाटी तशीच राहिली, आणि मग वरघोड्याचा बँड वाजायला लागला.

तिने डिस्क उघडून बघितली. 'वाढवलेलं' नावाचं फोल्डरच नव्हतं. मग तिला फोनवरचा भाऊंचा पहाटेचा निरोप दिसला, गडबडीत न ऐकलेला. "सारिका, मी निघू राहिलो. डिस्क भरत आली होती, तुला जागा करून दिली. वाढवलेलं होतं ते सगळं वाढवून टाकलं."

तिला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. भाऊंनी चष्मा न लावता नुसतं 'वाढव' एवढं वाचलं असणार. त्यांच्या भाषेत त्याचा एकच अर्थ होता, आणि ती भाषा ती स्वतः सात वर्षं बोलत आली होती.

जळगावच्या गोलाणी मार्केटात मगन नावाचा हार्ड डिस्कचा कारागीर होता. बिघडलेल्या डिस्कमधून मेलेल्या फायली काढण्यात त्याचा हात धरणारा तिकडे कुणी नव्हता. तिने त्याला फोन लावला. दोनदा नंबर चुकला.

"शिफ्ट दाबून काढलं?" मगनने विचारलं.

"हो."

"हे बघ, फाईल लगेच मरत नसते. तिची जागा रिकामी झाली, एवढंच डिस्कला वाटतं. फाईल तिथेच पडलेली असते. पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, तर मग ती गेली. त्यानंतर तू डिस्कवर काय लिहिलं?"

"चार एक्सपोर्ट," ती म्हणाली.

"आता हात लावू नको," मगन म्हणाला. "काही उघडू नको, काही बसवू नको. डिस्क काढ आणि घेऊन ये."

भाऊंनी फोल्डर काढलं, ते चष्म्याविना. पण रुचीच्या चेहऱ्यावर लिहिलं ते सारिकाने, डोळे उघडे ठेवून, एकदा नाही, चारदा. आपण सकाळपासून ज्या खटपटीला दुरुस्ती समजत होतो ती काय होती, हे तिला आता उमगलं.

तिने भाकरीचा डबा रिकामा केला, टॉवेलात गुंडाळून ती काळी डिस्क त्यात ठेवली आणि एसटीत डबा मांडीवरही न टेकवता दोन्ही हातांनी अधांतरी धरून बसली. शेजारची बाई म्हणाली, "दही आहे का माय?" सारिकाने मान हलवली. दही म्हटलं तर दही. नेरीच्या पुढे गाडी आदळायला लागली तसा प्रत्येक खड्डा तिच्या काळजात बसू लागला. तेवढ्यात आईचा फोन आला.

"काय करी ऱ्हायनी व पोर?"

"माय, मना हातथीन एक वस्तू गयी," सारिका म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "परकी शे. एकच व्हती."

"गयी नको म्हनू!" ताईबाई तिकडून ओरडली. "सापडी म्हन."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सारिकाला आईचा राग आला. म्हणून काय होणार आहे? म्हटलं नाही म्हणून काय वाचलंय आजवर? पण ती तसं काही बोलली नाही. तिने फोन ठेवला आणि डबा पुन्हा दोन्ही हातांनी धरला.

मगनने डिस्क आपल्या यंत्राला लावली तेव्हा बारा वाजले होते. पुन्हा एक पट्टी, पुन्हा टक्के. तीन, चार, पाच. सारिका स्टुलावर बसून राहिली. एक वाजता कौतिकभाऊ लॅपटॉप घेऊन धापा टाकत जिना चढून आले. वाटेत फोनवर तिने सगळं सांगितलं होतं. माणूस एका सकाळीत दहा वर्षांनी म्हातारा होतो म्हणतात, ते खोटं नाही.

"मी वाचलंच नाही गं नीट," ते म्हणाले. "नुसतं 'वाढव' दिसलं."

"नाव मी दिलं, भाऊ."

दोन वाजायला आले तेव्हा मगनने मान वर केली. "मूळ क्लिप पार गेली. दुसरी, तू दुरुस्त केलेली, तिचं डोकं शाबूत आहे, धड गेलं. उघडून बघू?"

पडद्यावर ओसरी आली. छोटी प्रियल पाठमोरी बसून दुकानातल्या कापडाच्या चिंध्या बाहुलीला नेसवत होती. बाईचा आवाज आला, अगदी जवळून, खरखर काढलेला, वाढवलेला. "पियू, अठीने देख. देख नी." पोरगी वळली नाही. बाई हसली. "आछो, मती देख. जा, रम." फोन वळायला लागला, कुणाचा तरी कान आणि केसांची बट दिसली न दिसली, आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. अकरा सेकंद.

"मती देख म्हणजे नको बघू. रम म्हणजे त्यांच्यात खेळ," भाऊ हळूच म्हणाले. शेठांच्या शेजारात राहून त्यांना मारवाडी कळायचं. सारिकाच्या कानाला तो शब्द मराठीच वाटला होता.

मगनने आणखी तासभर खटपट केली. चेहरा आला नाही.

जिना उतरताना भाऊंनी तिला थांबवलं. "सारिका, ऐक माझं. ही क्लिप त्यांच्या घरात कुणीच बघितलेली नाही. हीराबाईंनी पण नाही. एवढीच होती म्हणून सांगू. आईचा आवाज आहे, पोरगी आहे. आणखी काय पाहिजे? आणि बोललं तर उद्याच्या मंगल कामाला अपशकुन."

तिला ते हवंच होतं. तिच्या भीतीने कधीचं 'हो' म्हणून टाकलं होतं. आयुष्यभर तिने वाईट शब्द गिळले होते, त्यात आणखी एकाची भर. डिस्कवरची फिल्म भाऊंच्या लॅपटॉपवर घेऊन तिने त्यात अकरा सेकंद जोडली, उरलेली लाल जागा कापली, आणि एक्सपोर्ट मुकाट्याने पहिल्याच खेपेला शंभरला पोचला. सकाळी हेच केलं असतं तर मेल्याचं काय गेलं असतं!

पावणेचारला ते कार्यालयात पोचले. बाहेर चप्पलांचा डोंगर, आत हजारभर माणसं, माइकवर स्तवन चाललेलं. भाऊ लॅपटॉप घेऊन पडद्याकडे गेले. सारिका त्यांच्यामागे चार पावलं गेली आणि थांबली. स्टेजच्या बाजूच्या खोलीचं दार उघडं होतं. आत प्रियल नवरीसारखी नटून बसली होती आणि हीराबाई तिचा पदर सारखा करत होत्या. सारिकाच्या पायांनी ठरवलं की डोक्याने, ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. ती त्या खोलीत गेली.

"माजी, रुचीताईंची ती क्लिप..." ती म्हणाली. जिभेवर 'वाढवली' आलं होतं. ते तिने परतवलं. "पुसली गेली. आमच्या हातून. डिलीट झाली. त्यात त्यांचा दीड मिनिट चेहरा होता, तो गेला. अकरा सेकंद उरलीत. त्यात नुसता आवाज आहे."

हीराबाईंचा हात पदरावरच थांबला. आता या काय म्हणतील, ओरडतील, शेठांना बोलावतील, अशी वाट बघत सारिका भिंतीला टेकून उभी राहिली. हीराबाई ओरडल्या नाहीत. त्या हळूहळू खुर्चीवर बसल्या.

"पंधरा वर्षं कार्ड माझ्या गाठीला होतं," त्या म्हणाल्या. "रोज वाटायचं, बघू. रोज भ्याले. तू निदान बघितलास तिचा चेहरा. कशी दिसत होती?"

सारिका सांगू लागली. "हसताना डावी भुवई वर जायची त्यांची. कपाळावर छोटी लाल टिकली होती. मधेच गाण्याचे शब्द विसरल्या, तर स्वतःलाच हसल्या."

हीराबाईंनी डोळे मिटले. प्रियल दोघींकडे आळीपाळीने बघत होती. अशी क्लिप होती हेच तिला आत्ता कळत होतं. होती आणि गेली, एकाच दमात. ती उठून सारिकाजवळ आली आणि मेंदीच्या हातात तिने सारिकाचा हात घेतला.

"किती गार पडलाय," ती म्हणाली. "घाबरलात, सारिकाताई?"

"हो."

"मी पण," प्रियल एकदम खालच्या आवाजात म्हणाली. सारिकाला तेव्हा कळलं की तो मेंदीचा हातही तिच्या हाताइतकाच गार होता. "महिनाभर सगळे विचारताहेत, आनंद होतोय ना? होतोय. माझं मन पक्कं आहे. पण भीती पण वाटते हो. ती कुणाला सांगू? सांगितलं की सगळे म्हणतात, असं बोलू नये."

"असं बोलू नये," हीराबाईंच्या तोंडातून सवयीने निघून गेलं, आणि मग त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला.

फिल्म सुरू झाली तेव्हा सारिका लॅपटॉपमागे उभी होती. सतरावं मिनिट लागलं. ओसरी आली, बाहुली आली. "पियू, अठीने देख." पुढच्या रांगेत शेठांनी टोपी काढून मांडीवर घेतली. "आछो, मती देख. जा, रम." अकरा सेकंद संपली, आणि बँडसह वरघोडा सुरू झाला.

प्रियलने स्टेजवरून हात वर केला. "एकदा परत लावा," ती म्हणाली. "तेवढंच."

भाऊंच्या बोटांना जागा सापडेना. सारिकाने ती काढून दिली. दुसऱ्यांदा आवाज आला तेव्हा प्रियल पडद्याकडे पाठ करून बसली होती, तशीच, बाहुलीशी बसलेली ती पोर बसली होती तशी. "जा, रम," आई म्हणाली. प्रियलने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं नाही.

समारंभ संपला. आजची रात्र प्रियल जैन स्थानकात साध्वींजवळ राहणार आणि सकाळी दीक्षा. दारापर्यंत दोन्हीकडे माणसं उभी होती, बायका डोळे पुसत होत्या, कुणी जयजयकार करत होतं. लॅपटॉपची वायर गुंडाळत असलेल्या सारिकाजवळ येऊन ती थांबली आणि तिने हात जोडले.

"सारिकाताई, जाते."

"येते म्हण बेटा," हीराबाई मागून लगबगीने म्हणाल्या. आजूबाजूच्या चार बायकाही तेच म्हणाल्या. येते म्हण, येते म्हण.

"खोटं होईल ना, दादी," प्रियल म्हणाली. तिचे ओठ थरथरत होते, पण ती सारिकाकडेच बघत राहिली.

सारिकाला घरचा उंबरा आठवला, चप्पल घालणारे वडील, आणि आतून ओरडणारी आई. त्या दिवशी घरात सगळे शब्द सुधारण्यात गुंतले होते. वडिलांना निरोप मात्र कुणीच दिला नव्हता.

'येते'ला 'या' म्हणतात. 'जाते'ला काय म्हणायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने वायर खाली ठेवली.

"जा," सारिका म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द पुरा निघाला.